आईला न हलवता

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा डोळे मिटलेले, अंगावर लव नाही. दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत त्याला रोज एकदा तोंडावाटे थोडंसं औषध दिलं आणि परत आईच्या कुशीत ठेवलं. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसलं असतं. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेत झालेल्या या प्रयोगाचा निबंध 2020 साली ‘ई-लाइफ’मध्ये आला. या नियतकालिकाला वर्गणी नाही. जामनेरच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलेल्यालाही तो फोनवर उघडता येतो. पहिल्या लेखकाचं नाव स्थितप्रज्ञ पती. चिंता आणि हताशा यांवरच्या निबंधाला याहून शोभेसं नाव शोधून सापडलं नसतं.

निबंधाचा प्रश्न आपल्याकडे घराघरात बोलला जातो. पोरगं भेदरट का, तर तान्हं असताना आई आजारी पडली, किंवा त्या साली कपाशी गेली आणि घरात कुणाचं लक्ष नव्हतं. त्या पोराने धसका घेतला तो घेतलाच. मेंदूविज्ञानाने हे तपासायची एक जुनी रीत बसवली आहे. पिल्लांना पहिले दोन आठवडे रोज तीन तास आईपासून दूर ठेवायचं. मोठेपणी ती घाबरट निघतात, लवकर हात टेकतात. पण यात गुंता केवढा! पिल्लू उपाशी राहतं, गारठतं, आणि परत आल्यावर आईही त्याच्याशी पहिल्यासारखी वागत नाही. मग खोट नेमकी कशाने आली?

वैद्य यांनी काय केलं, तर आईला प्रयोगातून बाहेरच काढलं. ती घरट्यात आहे, दूध पाजते आहे, पिल्लं चाटते आहे. बदल केला तो फक्त पिल्लाच्या मेंदूत. मेंदूच्या पुढच्या भागात शेजारच्या पेशीला चेतवणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांच्यात जनुकांच्या करामतीने एक कृत्रिम कुलूप बसवलेलं होतं. शरीरातल्या कुठल्याही रसायनाने ते उघडत नाही. उघडतं ते बाहेरून दिलेल्या, सीएनओ नावाच्या औषधाने. अमेरिकेत ब्रायन रॉथ यांच्या गटाने 2007 साली हे तंत्र आणलं. लहानपणीच्या हालअपेष्टांच्या वेगवेगळ्या प्रयोगांत पेशींच्या आत एकाच जातीची संदेशयंत्रणा जोरात चालू झालेली दिसत होती. या कुलपाने नेमकी तीच चालू होते. म्हणजे हाल वगळले आणि हालांची पेशीतली खूण तेवढी ठेवली.

चौदाव्या दिवशी औषध थांबलं. पिल्लं वाढली, प्रौढ झाली आणि मग त्यांची परीक्षा झाली. तिचा एक पेपर बघण्यासारखा आहे. जमिनीपासून उंचावर अधिकच्या चिन्हासारखी पाटी. चारांपैकी दोन हातांना भिंती, दोन उघडे. उंदराला मूळचीच भिंतीची ओढ, पण चौकसपणाही तेवढाच. तो उघड्या हातावर डोकावतो, थबकतो, मागे फिरतो, पुन्हा येतो. घाबरट उंदीर आडोसा सोडत नाही. औषध मिळालेले उंदीर मोठेपणी चिंतेसारखं आणि हताशेसारखं वागले. स्किझोफ्रेनियाशी जुळणारी काही लक्षणंही दिसली. त्यांना कुणी छळलं नव्हतं, आईपासून तोडलं नव्हतं.

इथवर आलेला वाचक खूश होऊन निबंध मिटेल. मी म्हणतो, खरी गंमत पुढे आहे. तेच कुलूप, तेच औषध, पण देण्याचं वय बदललं. किशोरवयात दिलं, प्रौढपणी दिलं. असा टिकाऊ परिणाम नाही. दोन आठवड्यांची एक खिडकी, आणि ती मिटली की तोच धक्का वाया! पहिला निष्कर्ष नुसता धक्कादायक होता. या दोन तुलनांनी तो भरवशाचा केला. मग हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत अनंत पटेल यांच्या गटाने खूण केलेल्या ग्लुकोजच्या मागावर राहून या प्रौढ मेंदूंचा खर्च मोजला, तो वाढलेला निघाला. उलट हिप्पोकॅम्पस या भागात पेशींची सक्रियता आणि लवचिकता दाखवणाऱ्या खुणा उतरलेल्या. इंधन जास्त आणि लवचिकता कमी, हे कोडं निबंध पूर्ण सोडवत नाही. सोडवल्याचा आवही आणत नाही, हे मला आवडलं.

खटकतं तेही सांगतो. हताशा मोजायला उंदराला पाण्यात सोडायचं आणि तो हातपाय मारणं कधी थांबवतो ते बघायचं, ही 1977 पासूनची पद्धत. थांबलेला उंदीर हरला, की शहाणा होऊन शक्ती वाचवतोय? यावर अजून वाद आहे. आणि उद्या कुणी या निबंधावरून सव्वा महिन्याच्या बाळंतपणावर विज्ञानाचा शिक्का बसल्याचा मेसेज फिरवील. त्याला आत्ताच हात जोडतो. उंदराचे पहिले दोन आठवडे माणसाच्या गर्भातल्या शेवटच्या महिन्यांशी आणि तान्हेपणाशी ढोबळ मानानेच जुळतात. प्रौढपणी या औषधाने काही झालं नाही, यावरून मोठ्यांच्या काळजीने मेंदूला काही होत नाही असंही नाही. बंगळुरूत सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने 2002 साली दाखवलं होतं, की रोजच्या ताणाने मोठ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींचे फाटे आखडतात आणि भीतीच्या केंद्रातले, अमिग्डालातले, उलट फोफावतात. डोक्यावर कर्ज घेऊन जिनिंगच्या दारात कापसाच्या भावाची वाट बघणाऱ्याला तो निबंध जास्त जवळचा.

वैद्य यांच्याच प्रयोगशाळेने पुढे उलटाही प्रयोग केला. पेशी चेतवण्याऐवजी त्याच वयात दाबून ठेवल्या. मोठेपणी मनःस्थितीशी जोडलेल्या वागण्यात काही फरक नाही. हा निबंध 2022 साली आला आणि त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही, कारण त्यात ‘काही झालं नाही’ एवढंच आहे. पण पहिला निबंध एकटा वाचला तर वाटतं, त्या कोवळ्या दिवसांत कुठलीही ढवळाढवळ केली तरी मेंदू बिघडणारच. दुसऱ्याने ती समजूत मोडली: बिघाड ढवळाढवळीचा नाही, ती कुठल्या दिशेने झाली त्याचा. जोडीतला हा दुसरा मला अंमळ जास्तच आवडतो.