संदेश, दूत आणि प्रेक्षकाची जागा : रायपूरच्या पडद्याविषयी

चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांचा समाजमूल्यांवर कोणता परिणाम होतो, या प्रश्नाची मराठीतील चर्चा बहुधा दोन टोकांना विभागलेली आढळते. एका टोकाला ऱ्हासाची तक्रार असते : मालिकांनी कुटुंब बिघडवले, चित्रपटांनी अभिरुची. दुसऱ्या टोकाला प्रबोधनाची अपेक्षा असते, आणि तिच्या समर्थनार्थ प्रभातच्या 'धर्मात्मा' (१९३५) पासून 'फँड्री' (२०१३) पर्यंतची परंपरा पुढे केली जाते. दोन्ही पक्षांचे गृहीतक मात्र एकच आहे. मूल्य कलाकृतीच्या आशयात साठवलेले असते आणि तेथून ते प्रेक्षकाच्या मनात उतरते, असे दोघेही मानतात. प्रस्तुत निबंधात हे गृहीतक रायपूर आणि त्याच्या परिसरातील काही उदाहरणांवर तपासून पाहावयाचे आहे. पडदा काय सांगतो याच्याइतकेच तो प्रेक्षकाला कोठे बसवतो, कोणत्या भाषेत हाक मारतो आणि कोणाच्या वतीने बोलतो, यावर मूल्यांची घडण अवलंबून असते, असे माझे म्हणणे आहे.

यासाठी रायपूरच का, याचे उत्तर बूढापारा या जुन्या वस्तीच्या संदर्भात देता येईल. बूढा तलावाच्या काठची ही वस्ती मध्यमवर्गीय, शिक्षित आणि बहुभाषिक आहे. १८७७ च्या सुमारास किशोरवयीन नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढील काळातील स्वामी विवेकानंद, वडिलांसमवेत येथे राहिले. 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेणाऱ्या माधवराव सप्रे यांचे नाव लावणारी शाळाही याच परिसरात आहे. भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगढमध्ये स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना आपली मूल्यपरंपरा दुसऱ्या भाषेतून जगण्याची सवय फार पूर्वीपासून आहे. अशा वस्तीतून पडद्याकडे पाहिले म्हणजे 'प्रेक्षक' नावाचा एकसंध समूह अस्तित्वात नाही, हे लवकर ध्यानात येते.

छत्तीसगढी भाषेतील पहिला चित्रपट, मनु नायक निर्मित-दिग्दर्शित 'कहि देबे संदेस', १९६५ साली प्रदर्शित झाला. भोजपुरीतील 'गंगा मैया तोहे पियरी चढइबो' (१९६३) च्या यशाने बोलीभाषांतील चित्रपटाला जी उमेद दिली होती, तिचेच हे एक फळ होय. सतनामी तरुण आणि ब्राह्मण तरुणी यांचे प्रेम हा त्याचा विषय. हनुमंत नायडू यांची गीते, मलय चक्रवर्ती यांचे संगीत आणि महंमद रफी यांच्यासारखा गायक अशी त्याची सिद्धता होती. प्रदर्शनाच्या वेळी उच्चवर्णीयांकडून विरोध झाला आणि रायपुरातील प्रदर्शन लांबले. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री इंदिरा गांधी यांनी चित्रपट पाहून अनुकूल मत दिले, त्यानंतर वातावरण निवळले.

या घटनाक्रमाकडे 'पुरोगामी चित्रपट विरुद्ध सनातनी समाज' अशा ठोकळ्यातून पाहणे सोपे आहे. मला ते अपुरे वाटते. मुळात शीर्षकाचे व्याकरण पाहावे. 'निरोप सांग' असे त्यात कोणीतरी कोणाला तरी विनवते आहे. ज्याला उद्देशून बोलले जाते तो दूत आहे. निरोप पोहोचावयाचा आहे तो दुसराच, दूर असलेला. हे थेट दूतकाव्याचे रूप आहे. ('मेघदूता'तील रामगिरी रामटेकला की सरगुज्यातील रामगढला, हा वाद विदर्भ आणि छत्तीसगढ यांच्यात अजून मिटलेला नाही, हे येथे सहज आठवते.) चित्रपटाचा दूत होता छत्तीसगढी बोलणारा प्रेक्षक, त्यातही बहुसंख्येने खेड्यातला. निरोपाचा धनी मात्र शहरातील, लिहिण्यावाचण्यासाठी हिंदी वापरणारा उच्चवर्णीय होता. बूढापाऱ्यासारख्या वस्तीला छत्तीसगढी ही कामाच्या माणसांशी बोलण्याची भाषा म्हणून परिचित होती. त्याच भाषेत, तिकीट काढून, आपल्या घरातील मुलीच्या लग्नाविषयी ऐकावे लागणे ही गोष्ट कथानकापेक्षा अधिक बोचणारी असली पाहिजे. हिंदीत 'अछूत कन्या' (१९३६) किंवा 'सुजाता' (१९५९) पाहून हळहळणारा सुशिक्षित प्रेक्षक हीच कथा आपल्या परिसराच्या बोलीत आली तेव्हा अस्वस्थ होतो, हे केवळ आशयाच्या आधारे उलगडत नाही. भाषा बदलली की प्रेक्षकाची जागा बदलते : हिंदीत तो साक्षीदार असतो, बोलीत आरोपी होतो.

दहा वर्षांनी या प्रदेशात दूरचित्रवाणी आली ती अगदी वेगळ्या वाटेने. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने 'साइट' हा शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेडी त्यासाठी निवडली होती. तत्कालीन मध्य प्रदेशातील खेडी रायपूर आणि शेजारच्या जिल्ह्यांतील होती. सकाळी शाळकरी मुलांसाठी दीड तास आणि संध्याकाळी प्रौढांसाठी अडीच तास कार्यक्रम असत. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, राष्ट्रीय एकात्मता हे विषय. जाळीच्या छत्रीसारखी तबकडी आणि सार्वजनिक जागी, बहुधा शाळेत, ठेवलेला एक संच, एवढीच प्रत्येक गावाची सामग्री होती. देशात त्या वेळी आणीबाणी होती, हेही विसरता येत नाही.

या प्रयोगाविषयी विपुल संशोधन झाले. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला त्यातील एका विपर्यासाचे महत्त्व अधिक वाटावे. संच खेड्यांत होते, रायपूर शहरात नव्हते. म्हणजे बूढापाऱ्यातील प्राध्यापक-वकिलांच्या घरी दूरचित्रवाणी नसताना भोवतालच्या काही खेड्यांतील शेतमजूर ती पाहत होता. आपल्या माध्यमेतिहासात असा क्षण पुन्हा आलेला नाही. मात्र त्या शेतमजुराला जी भाषा ऐकू येत होती ती बिहार, राजस्थान आणि मध्य प्रदेश यांच्यासाठी समाईक असलेली हिंदी होती. १९६५ च्या चित्रपटाने बोलीला वक्त्याचा मान दिला होता. १९७५ च्या पडद्याने बोली बोलणाऱ्याला विद्यार्थी केले. शिवाय गावातील सार्वजनिक जागा सर्वांसाठी सारख्याच सार्वजनिक नसतात. शाळेच्या अंगणात कोण पुढे बसतो आणि कोण कुंपणापाशी उभा राहतो, हे गाव आधीच ठरवून बसलेले असते. पडद्यावर एकात्मतेचा पाठ आणि समोर जातवार बसलेली मंडळी, असे दृश्य जेथे असेल तेथे कोणते मूल्य 'संक्रमित' झाले म्हणावयाचे?

वर्ष संपले, उपग्रह परत गेला. १९७७ मध्ये रायपूरला भूप्रक्षेपक आला आणि हळूहळू संच शाळेतून दिवाणखान्यात गेला. या स्थलांतराची चर्चा आपण फार थोडी केली आहे. अंगणातील संचाभोवती निदान विषमता दिसत तरी होती. दिवाणखान्यात प्रवेशच निवडक असल्यामुळे ती दिसेनाशी झाली.

याच काळात, १९८१ मध्ये, सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या 'सद्गति' या कथेवर लघुचित्रपट केला आणि त्याचे चित्रीकरण छत्तीसगढमधील खेड्यांत केले. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यावा म्हणून दुखी हा चर्मकार पंडिताच्या दारी येतो. पंडित त्याला वेठीला धरतो. उपाशीपोटी लाकडाचा ओंडका फोडता फोडता तो मरतो. प्रेत उचलावयास कोणी येत नाही म्हणून पंडित स्वतः त्याच्या पायाला दोर अडकवून ते ओढून नेतो. रायांनी कथेतील घटना फारशा बदलल्या नाहीत. बदल आहे तो निवेदकाच्या अभावाचा. प्रेमचंदांचा निवेदक उपरोधाने बोलत राहतो, वाचकाला आपल्या बाजूला ओढतो. चित्रपटात हा सोबती नाही. पंडित शिवाशिव टाळत काठीने पाय उचलतो, फास सरकवतो, आणि कॅमेरा ते पाहत राहतो. ज्याच्याकडे बोट दाखवावे असा निवेदकही नसल्यामुळे प्रेक्षकाला स्वतःच्या पाहण्याची जबाबदारी घ्यावी लागते.

दुसरी भर स्थळाने घातली आहे. पंडिताच्या गावात रावणाची दशमुखी भव्य मूर्ती दिसते. ती प्रेमचंदांच्या कथेत नाही. उत्तर प्रदेशात रावण दसऱ्याला उभा राहतो आणि जळतो. छत्तीसगढच्या अनेक गावांत तो पक्क्या बांधणीचा, वर्षभर उभा असतो. न जळणाऱ्या रावणाच्या सान्निध्यात दुखी कुऱ्हाड चालवतो. प्रतीक म्हणून हे थोडे ठळक आहे, असे कोणी म्हणेल. परंतु ती त्या भूमीची वस्तू आहे, दिग्दर्शकाने आणून ठेवलेली नाही, हे जाणणाऱ्याला त्यातील ठळकपणा खटकत नाही.

तिसरी गोष्ट नावांची, आणि ती मराठी वाचकासाठी विशेष आहे. प्रेमचंदांच्या पंडिताचे नाव घासीराम. चित्रपटात ही भूमिका मोहन आगाशे यांनी केली, दुखीची ओम पुरी यांनी, त्याच्या बायकोची स्मिता पाटील यांनी. याच आगाशे यांनी तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' (१९७२) मध्ये नाना फडणवीस उभा केला होता. आणि त्या नाटकावरून १९७६ मध्ये निघालेल्या चित्रपटात नाना आगाशेच होते, तर घाशीराम होते ओम पुरी. पाच वर्षांत घाशीरामचे नाव एका नटाकडून दुसऱ्याकडे गेले; सत्तेचा आणि बळीचा संबंध मात्र त्याच दोन देहांत कायम राहिला. पुण्यात अपमानित झालेला कनोजी ब्राह्मण घाशीराम आणि छत्तीसगढच्या खेड्यातील पंडित घासीराम ही व्यवस्थेच्या उतरंडीची दोन पावले आहेत : वरच्याने तुडवलेला खालच्याला तुडवतो. हा योगायोग असेल. पण दोन्ही कृती पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला तो टाळता येणार नाही, आणि अशा टाळता न येणाऱ्या आठवणींतूनच तौलनिक वाचन सुरू होते.

छत्तीसगढच्या प्रेक्षकाला मात्र या नावात आणखी कोणी ऐकू येईल. सतनाम पंथाचे प्रवर्तक गुरू घासीदास (जन्म १७५६) यांनी जातिभेद आणि मूर्तिपूजा नाकारली. त्यांच्या अनुयायांनी चर्मकाम आणि ती जुनी जातिसंज्ञा दोन्ही टाकून दिली. या भूमीत 'घासी' हा ध्वनी बंडाचा आहे, आणि चित्रपटात तोच अत्याचाऱ्याच्या नावात येतो. प्रेमचंदांच्या दुखीला बंड ठाऊक नाही. रायांनी त्याला अशा प्रदेशात आणून मारले जेथे त्याच्यासारख्यांनी शतकापूर्वीच बंड केले होते, आणि त्या बंडाची खूण चित्रपटात मला कोठे आढळत नाही. गोंड पुरुष तेवढा दुखीला सावध करतो, इतरांना प्रेत उचलू नका असे बजावतो. तो कथेतलाच आहे. 'सद्गति' ही थोर कृती आहे यात शंका नाही. पण तिचा करुणाविषय झालेला समाज तिच्यात इतिहासाशिवाय वावरतो. २५ एप्रिल १९८२ रोजी दूरदर्शनने ती रंगीत प्रक्षेपणाच्या आरंभकाळी दाखवली. देशव्यापी संयुक्त कार्यक्रम सुरू व्हायला त्यानंतर १५ ऑगस्ट उजाडावा लागला. रंग प्रथम ज्यांच्या घरी पोहोचला त्यांच्यात दुखीच्या गावचे कोणी असण्याचा संभव फार थोडा.

पुढील काळाविषयी थोडक्यात. 'हम लोग' (१९८४) मध्ये प्रत्येक भागाअखेर अशोक कुमार यांनी तात्पर्य सांगण्याची प्रथा पाडली. 'रामायण' (१९८७-८८) ने तात्पर्याची गरजच ठेवली नाही. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ईटीव्ही मराठी सुरू झाल्यावर बूढापाऱ्यातील मराठी घरांना प्रथमच रोजची मराठी पडद्यावर मिळाली. ती मुंबई-पुण्याची होती. हिंदी-छत्तीसगढीच्या सहवासाने घडलेली घरची बोली तिच्यापुढे अशुद्ध ठरू लागली. भाषाशुद्धी हेही एक समाजमूल्य आहे आणि ते कोणत्याही मालिकेचा विषय न होता रुजते. त्या मालिकांतील आडनावे जात सांगतात. पात्रे ती कधी उच्चारत नाहीत.

आता ज्या प्रकरणामुळे हा सारा विचार मला आवश्यक वाटला त्याकडे वळतो. हबीब तन्वीर हे रायपूरचेच. त्यांच्या 'चरणदास चोर' वर श्याम बेनेगल यांनी १९७५ मध्ये बालचित्रपट केला. गुरूला दिलेल्या शब्दासाठी आणि सत्यासाठी प्राण देणाऱ्या चोराची ही कथा आणि तिला लाभलेली सतनामी पंथी गीतांची जोड छत्तीसगढच्या लोकरंगभूमीचे भूषण मानली जाते. ८ जून २००९ रोजी तन्वीर गेले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच सतनामी धर्मगुरूंच्या आक्षेपावरून राज्यशासनाने या नाटकाचे पुस्तक शालेय वाचन-उपक्रमातून दूर केले. बंदी घातल्याची चर्चा देशभर झाली आणि कलावंतांनी निषेध केला. निषेध योग्यच होता. शासनाने पुस्तक काढून घेणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. तरीही १९६५ चा विरोध आणि २००९ चा आक्षेप 'असहिष्णुता' या एकाच शब्दात कोंबणे मला मान्य नाही. १९६५ मध्ये सतनामी नायक पडद्यावर दिसू नये म्हणून उच्चवर्णीय उठले होते. २००९ मध्ये सतनामी स्वतः म्हणत होते की आमच्याविषयी काय छापले जाते हे ठरविण्यात आमचाही वाटा आहे. दुखीला चित्रपटात हे म्हणता येत नाही, कारण तो मेलेला असतो. साइटच्या अंगणात बसलेल्याला म्हणता येत नव्हते, कारण संचाला फक्त तोंड होते, कान नव्हते.