विचारल्याशिवाय न बोलणारा

२०२६ सालचा मे महिना शुक्रवारी सुरू होतो. ईमॅक्स या प्रोग्राममध्ये त्या महिन्याचं कॅलेंडर उघडलं, की एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने शेजारी शेजारी येतात. डोळस माणसाला एक नजर पुरते. आता तारखांची पहिली ओळ डावीकडून उजवीकडे कुणी नुसती वाचून दाखवली तर काय ऐकू येईल? एक, दोन, तीन, चार, एक, दोन, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. वाचनात चूक एकही नाही आणि पदरात काहीच नाही. वार वरच्या ओळीत राहिले, महिन्यांची नावं त्याहून वर. तीन एकांपैकी मेचा कोणता, हे ऐकणाऱ्याने आपलं आपण ताडायचं.

ईमॅक्सला बोलतं करणारा ईमॅकस्पीक हा प्रोग्राम सुरू असेल आणि कर्सर १ मेवर असेल, तर पूर्ण तारीख वारासकट इंग्रजीत ऐकू येते: शुक्रवार, १ मे २०२६. कंट्रोल धरून एन दाबलं की कर्सर आठवडाभर पुढे सरकतो: शुक्रवार, ८ मे. आकाशवाणीचा समालोचक धावफलकावरचे आकडे ओळीने वाचत बसत नाही. कोण खेळतंय, किती धावा हव्यात, ते सांगतो. ईमॅकस्पीक त्याच जातकुळीतला. पडद्यावर काय कुठे मांडलंय यापेक्षा त्या मांडणीचा अर्थ काय, हे तो बोलतो.

त्याचे कर्ते टी. व्ही. रामन. जन्म पुण्यातला, १९६५ सालचा. चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली. पुणे विद्यापीठातून गणित, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेल. तिथला त्यांचा १९९४ सालचा प्रबंध गणिताचा मजकूर कानाने कसा वाचावा याबद्दलचा. त्यासाठी रचलेल्या प्रणालीला त्यांनी आपल्या वाटाड्या कुत्रीचं, ॲस्टरचं, नाव दिलं. १९९५मध्ये ईमॅकस्पीक आला, तोही मुक्त, कुणालाही उघडून पाहता येईल असा. ईमॅक्स म्हणायला मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम. पण फायली, ईमेल, कॅलेंडर, प्रोग्रामिंग सगळं त्यातच चालतं. त्यामुळे ईमॅक्स बोलू लागला की जवळजवळ अख्खा संगणक बोलू लागतो.

ही किमया कशी साधली, ते पाहण्यासारखं आहे. ईमॅक्समधली प्रत्येक आज्ञा म्हणजे लिस्प भाषेतलं एक फंक्शन. लिस्पमध्ये ‘ॲडव्हाइस’ नावाची सोय असते: मूळ फंक्शनच्या एका अक्षरालाही हात न लावता त्याच्या आधी किंवा नंतर आपलं काम जोडून देता येतं. ‘पुढच्या ओळीवर जा’ या आज्ञेला रामन यांनी एवढंच जोडलं, की गेल्यावर ती ओळ बोल. त्यात एक अट घातली. आज्ञा माणसाने कळ दाबून दिली असेल तरच बोल. एखादा प्रोग्राम स्वतःच्या कामासाठी त्याच आज्ञेने शंभर ओळी उतरून गेला, तर अवाक्षर नाही. मला या सगळ्या रचनेत ही अट सर्वांत सुंदर वाटते. डोळ्याला नको ते टाळता येतं, नजर वळवली की झालं. कानाला ती मुभा नाही. म्हणून बोलणाऱ्यानेच संयम पाळायचा, आणि तो इथे एका ओळीच्या अटीत पाळला गेला आहे.

बोलण्याला पोतही आहे. डोळस प्रोग्रामरला पडद्यावर कोड रंगीत दिसतो: टिपणं एका रंगात, भाषेचे राखीव शब्द दुसऱ्या. ईमॅकस्पीक रंगाऐवजी आवाज बदलतो. पट्टी, चढउतार, आघात, भरदारपणा यांच्यात थोडा थोडा फरक करून तो टिपण कुठलं आणि कोड कुठला हे ऐकवतो; ‘इथे टिपण सुरू’ असं सांगत बसत नाही. याच्या जोडीला छोटे ध्वनी आहेत. फाइल उघडली, मजकूर पुसला, प्रश्न समोर आला, की त्या त्या घटनेचा आपला नाद वाजतो. तो बोलण्याच्या बरोबरीने वाजत असल्यामुळे वेळ खात नाही.

सुरुवात कुठून करावी? लिनक्सपासून. लिनक्सचं डेबियन हे रूप बसवताना पहिल्याच मेनूवर एस आणि एंटर दाबलं, की पुढची सगळी स्थापना बोलत बोलत होते. शेजारी डोळस माणूस बसवावा लागत नाही. मग ईमॅक्स, ईमॅकस्पीक आणि आवाजासाठी ईस्पीक. पहिल्या दिवशी एकच काम करावं: कंट्रोल-एच आणि मग टी. ईमॅक्सचा स्वतःचा धडा उघडतो आणि ओळीओळीने बोलू लागतो. ईमॅकस्पीकच्या आज्ञा कंट्रोल-ईने सुरू होतात. त्यानंतर एल दाबलं तर चालू ओळ, डब्ल्यूने शब्द, सीने अक्षर, टीने वेळ. कंट्रोल-ई आणि एस म्हणजे गप्प. ती कळ सगळ्यात आधी पाठ करावी.

उणिवा आहेतच. या कळा बोटांत बसेपर्यंत धीर धरावा लागतो. ईमॅक्समधला ब्राउझर जावास्क्रिप्ट चालवत नाही, म्हणून आजच्या बऱ्याच संकेतस्थळांशी त्याचं जमत नाही. ईमॅकस्पीकचे स्वतःचे संदेश इंग्रजीत आहेत. बँकेची आणि ऑनलाइन अर्जांची कामं उरकायची असतील, तर विंडोजवरचा एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर अधिक सोयीचा. ईमॅकस्पीक लिहिणाऱ्याचं आणि प्रोग्राम करणाऱ्याचं साधन आहे, आणि तसं ते उघडपणे आहे.

त्याची खरी उंची मला इथेच दिसते. अंधांसाठी केलेल्या पुष्कळ वस्तूंत एक दबकी अपेक्षा लपलेली असते, की वापरणाऱ्याला पत्र वाचता आलं, वेळ कळली, म्हणजे भागलं. ईमॅकस्पीक टिपणाला आणि कोडला वेगळा आवाज देतो, तेव्हा ऐकणारा स्वतः कोड लिहितो हे तो धरूनच चालतो. तो स्वतःच्या कामासाठी रचलेला असल्यामुळे रामन यांना वापरणाऱ्याची कीव करायचं कारणच पडलं नाही. फक्त तो कामात आहे, त्याचा वेळ घ्यायचा नाही, एवढं भान ठेवायचं होतं. दुसऱ्यासाठी काही बनवणाऱ्याने हे भान उचलावं.