उकलायला काहीच नसलेलं गाणं

टेलर स्विफ्टच्या फॅन्सचा मुख्य उद्योग गाणी ऐकणं नाही, उकलणं. ही सवय तिनेच लावली. २००६ च्या पहिल्या अल्बमबरोबर जी पुस्तिका यायची, तिच्यात गाण्यांच्या शब्दांमध्ये मधलीच काही अक्षरं कॅपिटल असायची. ती जुळवली की लपवलेला संदेश हाती लागायचा. पुढे हे व्हिडिओंतल्या भिंतींवर, नेलपॉलिशच्या रंगांत, तारखांच्या बेरजांत पसरलं. '१९८९' आला तेव्हा मी बारावीत होते आणि ऑर्गॅनिक केमिस्ट्रीपेक्षा जास्त कष्ट या संशोधनावर घेत होते. तेव्हा पुढचं लिहिते आहे ते आतल्या माणसाच्या हक्काने.

३१ जानेवारी २०२० ला लाना विल्सनची 'मिस अमेरिकाना' ही डॉक्युमेंटरी नेटफ्लिक्सवर आली आणि त्याच दिवशी तिच्यातलं 'ओन्ली द यंग' हे गाणंही. गाणं लिहिलं गेलं होतं २०१८ च्या मध्यावधी निवडणुकांनंतर. त्या निवडणुकीत स्विफ्टने पहिल्यांदा उघड बाजू घेतली. ७ ऑक्टोबर २०१८ ला इन्स्टाग्रामवर लिहून तिने टेनेसी राज्यातून सिनेटसाठी डेमोक्रॅट फिल ब्रेडेसन यांना पाठिंबा दिला. पुढच्या २४ तासांत देशभरात सुमारे ६५ हजार लोकांनी मतदार नोंदणी केल्याचं व्होट डॉट ऑर्ग या संस्थेने सांगितलं. (टेनेसीतली नोंदणीची मुदत दोन दिवसांवर आली होती, हेही लक्षात ठेवायला हवं.) तरी रिपब्लिकन मार्शा ब्लॅकबर्न आरामात जिंकल्या. हे गाणं त्या हरण्यातून आलं, 'लव्हर' या २०१९ च्या अल्बमातून बाहेर ठेवलं गेलं आणि डॉक्युमेंटरीसाठी राखलं गेलं.

त्या आठवड्यात मी वाचलेल्या प्रतिक्रियांचा सूर जवळजवळ एकच होता: अखेर बोलली! लोक रडत होते. वडील आणि टीमशी वाद घालत ती राजकीय भूमिका घेण्याची परवानगीच मागते आहे असा डॉक्युमेंटरीतला प्रसंग फिरवला जात होता. २०१६ मध्ये ती गप्प राहिली, गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी तिला आपली म्हणून मिरवलं, त्या सगळ्याचा हिशोब या गाण्याने चुकता झाला, असं म्हटलं जात होतं. तिने राजकारणात पडू नये म्हणणारेही होते. पण तेही बोलत होते ते तिच्याचबद्दल.

गाणं कशाबद्दल आहे यावर मात्र फारसं कोणी थांबत नव्हतं. त्याचं कारण फॅन्सचा उथळपणा आहे असं मला वाटत नाही. याच फॅन्सनी 'लव्हर'मधल्या 'मिस अमेरिकाना अँड द हार्टब्रेक प्रिन्स' या गाण्यावर पानंच्या पानं लिहिली होती. वरून ती हायस्कूलमधली प्रेमकथा. आत निवडणूक, हरलेला संघ, बदलून गेलेला देश. शाळा हे रूपक आहे हे स्विफ्टने नंतर मुलाखतीत सांगितलंही. तिथे फॅन्सचं हत्यार बरोबर चाललं. उकलता उकलता ते राजकारणापर्यंत पोचले.

'ओन्ली द यंग'मध्ये उकलायला काहीच नाही. अडीच-पावणेतीन मिनिटांचं गाणं, धडधडता सिंथ. पहिल्या कडव्यात निकालाच्या रात्रीचा भ्रमनिरास. दुसऱ्यात शाळेत गोळीबाराच्या भीतीने लपायची जागा शोधणारी मुलं. कोरसमध्ये सहलेखक जोएल लिटल याच्या लहान मुलींचे आवाज. सगळं जसं आहे तसं समोर. आमच्या धंद्यात म्हणतात, पॅटर्न शोधायला लिहिलेल्या प्रोग्रॅमला साधा मजकूर दिला तरी तो पॅटर्न शोधतोच. इथे गाण्यात गुपित सापडेना, तेव्हा फॅन्सनी गायिकेलाच उकलायला घेतलं. लपायची जागा शोधणारी मुलं तिच्या आयुष्यातल्या एका प्रकरणाचं शीर्षक झाली.

ती मुलं कोण, हे इथून, पुण्यातून, पटकन डोळ्यांसमोर येत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक शाळांत याची रंगीत तालीम होते. दार लावायचं, दिवे मालवायचे, खिडकीतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसायचं, आवाज करायचा नाही. आपल्याकडे गॅदरिंगची तालीम होते तशी वर्षातून काही वेळा ही. फ्लोरिडातल्या पार्कलंडला १४ फेब्रुवारी २०१८ ला १७ जण मारले गेले आणि सव्वा महिन्यात तिथल्याच विद्यार्थ्यांनी वॉशिंग्टनला मोर्चा नेला. स्विफ्टने त्या मोर्चासाठी देणगी दिली होती. तिच्या चाहत्यांत या वयाच्या, या तालमी केलेल्या हजारो मुली असणार. त्यांना दुसरं कडवं म्हणजे मंगळवारचा तिसरा तास. 'अखेर बोलली'च्या गलक्यात या श्रोत्यांचं काय झालं, हा प्रश्न मला गाण्यापेक्षा जास्त सतावतो.

आणि गाण्याशी खरं भांडण करायचं तर इथेच करायला हवं होतं. गाणं म्हणतं की हे आता तरुणच निभावतील, फक्त तरुणच. ऐकायला उभारी देणारं. पण 'फक्त' हा शब्द उचलून बघा. मत देण्याचं वय नसलेल्या पोरींच्या गळ्यातून आपण म्हणवून घेतोय की मोठ्यांकडून काही होणार नाही, तुम्ही बघा. वाढदिवसाच्या पोरालाच केक आणायला पाठवावं तसं. हरलेल्या बाजूचा थकवा समजू शकतो, पण तो थकवा इथे आशेच्या वेष्टनात मुलांच्या हाती दिलाय. या एका गोष्टीमुळे मला हे गाणं चांगल्या हेतूचं आणि कच्च्या विचाराचं वाटतं. २०२० च्या निवडणुकीच्या तोंडावर ते कमला हॅरिस यांच्या बाजूच्या प्रचार-व्हिडिओत वापरलं गेलं, स्विफ्टच्या परवानगीने. तिथे ते चपखल बसलं. प्रचाराला 'फक्त'वर थांबायला वेळ नसतो.

पुढे काय झालं ते टेनेसीतच बघता येतं. २७ मार्च २०२३ ला नॅशव्हिलच्या कव्हेनंट शाळेत गोळीबार झाला. नऊ-नऊ वर्षांची तीन मुलं आणि तीन मोठी माणसं गेली. नॅशव्हिल म्हणजे स्विफ्टच्या कारकिर्दीचं माहेर. ३ एप्रिलला शहरातले हजारो विद्यार्थी वर्ग सोडून राज्याच्या विधिमंडळावर गेले. गाण्यात सांगितलं होतं ते त्यांनी अक्षरशः केलं. सभागृहात या आंदोलनाची बाजू घेऊन घोषणा देणाऱ्या दोन तरुण आमदारांची, जस्टिन जोन्स आणि जस्टिन पिअरसन यांची, ६ एप्रिलला हकालपट्टी झाली. (दोघे लवकरच परत आले.) वर्षभराने, एप्रिल २०२४ मध्ये, त्याच विधिमंडळाने प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांना शाळेत पिस्तूल बाळगायची मुभा देणारा कायदा केला.

सप्टेंबर २०२४ मध्ये स्विफ्टने पुन्हा इन्स्टाग्रामवर लिहिलं. तिच्या लिंकवरून २४ तासांत चार लाखांहून जास्त लोक मतदार नोंदणीच्या सरकारी साइटवर गेले. या वेळी गाण्याची गरज पडली नाही, आणि फॅन्सनीही काही उकललं नाही, नुसतं क्लिक केलं. नोव्हेंबरात ब्लॅकबर्न पुन्हा निवडून आल्या. कव्हेनंटच्या मेलेल्या मुलांचे वर्गमित्र पहिल्यांदा मत द्यायला जातील ते साधारण २०३२ मध्ये.