लिव्हियेचीं अंजिरें

ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या वाचकांस इतिहासाचे पंडित फारसा मान देत नाहींत. आणि मूळ इतिहासग्रंथ आवडीनें वाचीत बसणारा मनुष्य कादंबरीच्या भोक्त्यांस रुक्ष वाटतो. हें वैर जुनें आहे. मला मात्र हीं दोन्ही व्यसनें सारखींच आहेत, आणि त्यांपैकीं एकापायीं भर वर्गांत खजील होण्याची पाळी माझ्यावर कशी आली, त्याची हकीकत सांगावी म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे. विषय प्राचीन रोमचा आहे. कादंबरी म्हणजे रॉबर्ट ग्रेव्हज या इंग्रज कवीची १९३४ सालीं प्रसिद्ध झालेली 'आय, क्लॉडिअस'. आणि इतिहासकार म्हणजे टॅसिटस, सुएटोनिअस व डायो हे तिघे. कादंबरीची ओळख इंग्रजी वाङ्मयाच्या पुष्कळ वाचकांस असेल. परंतु ती या तिघांच्या शेजारीं ठेवून वाचणारे थोडे, आणि तशी वाचली असतां तिची गोडी कमी होते कीं वाढते, हा माझ्या मतें विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

विद्यार्थिदशेंत जुन्या पुस्तकांच्या एका दुकानांत मला तिची पुठ्ठा निखळलेली प्रत मिळाली. आमच्या वसतिगृहांत रात्रीं खोल्यांतील दिवे मालवीत. उरलेलीं प्रकरणें मीं जिन्यांतील दिव्याखालीं बसून संपविलीं. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस, त्याची बायको लिव्हिया, तिला पहिल्या नवऱ्यापासून झालेला मुलगा टायबीरिअस, आणि तिचाच एक नातू, लंगडा, तोतरा, घरांत वेडगळ म्हणून हिणवला गेलेला क्लॉडिअस, अशी ही मंडळी. हा क्लॉडिअस इ. स. ४१ मध्यें कोणाच्या स्वप्नींहि नसतां सम्राट झाला आणि ५४ पर्यंत राज्य करून मेला. त्यानें आठ भागांत आत्मचरित्र लिहिलें होतें असें सुएटोनिअस सांगतो. तें काळाच्या उदरांत गडप झालें. ग्रेव्हजनें नेमकी हीच रिकामी जागा हेरली. तें हरवलेलें आत्मचरित्र जणूं हेंच, अशी बतावणी करून त्यानें सारी कादंबरी क्लॉडिअसच्या तोंडीं घातली आहे. प्राचीन काळावरील कादंबऱ्यांत पात्रें बहुधा संगमरवरी पुतळ्यांनीं बोलावें तशीं बोलतात. येथें मात्र एक म्हातारा आपल्या घराण्याचीं कुलंगडीं दार लोटून घेऊन सांगतो आहे, आणि आपण ऐकतों आहों, असा भास पहिल्या पानापासून होतो.

ऑगस्टसला मुलगा नव्हता. त्यानें वारस म्हणून ज्याच्यावर दृष्टि ठेवावी तो मरावा, असा कांहीं क्रमच सुरू झाला. भाचा व जांवई मार्सेलस इ. स. पूर्वी २३ मध्यें गेला. दत्तक घेतलेल्या दोघां नातवांपैकीं लूशिअस इ. स. २ मध्यें व गेयस इ. स. ४ मध्यें, दोघेहि घरापासून दूर, वारले. शेवटीं इ. स. १४ च्या ऑगस्ट महिन्यांत नोला येथें स्वतः ऑगस्टस गेला आणि गादी टायबीरिअसला मिळाली. कादंबरींत या सर्व मृत्यूंमागें एकच हात आहे, आणि तो लिव्हियेचा. बायकोचा संशय येऊन म्हातारा स्वयंपाकघरांतील अन्नास शिवेनासा होतो आणि झाडावरून आपल्या हातानें तोडलेल्या अंजिरांवर भिस्त ठेवतो. तर ही बाई अंजिरें झाडावर असतांनाच त्यांना विष फांसून ठेवते. काय ती कल्पना! १९७६ सालीं बी. बी. सी. नें या कथेची चित्रमालिका दाखविली, तेव्हां शिआन फिलिप्स या नटीनें उभी केलेली लिव्हिया लाखों लोकांनीं पाहिली, आणि त्यांपैकीं बहुतेकांच्या मनांत आज तीच खरी लिव्हिया होऊन बसली आहे.

पुढें अध्यापक झाल्यावर हीं अंजिरें मींहि वर्षानुवर्षें वर्गांत वाढलीं. मुलें झोपेला आलीं कीं हा प्रसंग सांगावा, तीं हटकून जागीं होत. एके वर्षीं मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, "सर, हें कोणत्या इतिहासकारानें लिहिलें आहे?" मीं ठणकावून सांगितलें, "टॅसिटसनें." "कोठें?" "उद्यां दाखवितों." तें 'उद्यां' उगवावयास आठ दिवस लागले.

कारण टॅसिटसमध्यें अंजिरें नाहींत. नातवांच्या मृत्यूबद्दल तो एवढेंच म्हणतो कीं, दैवानें त्यांना अकालीं ओढून नेलें, किंवा सावत्र आजीचें कपट त्यांना भोंवलें. ऑगस्टसचें दुखणें वाढलें तेव्हां कांहीं लोकांस बायकोचा संशय आला, असें तो नमूद करतो. 'कांहीं लोक' म्हणजे कोण, तें सांगत नाहीं. राजवाड्यांतील भानगडी चवीनें सांगणारा सुएटोनिअस तरी विष सोडील असें वाटलें नव्हतें. पण त्याच्या ग्रंथांत ऑगस्टस लिव्हियेचें चुंबन घेत, आपल्या संसाराची आठवण ठेव असें तिला सांगत शांतपणें प्राण सोडतो. विषाचा शब्दहि नाहीं. अंजिरें सांपडलीं तीं डायोच्या ग्रीक इतिहासांत. आणि डायोचें लेखन त्या घटनेनंतर सुमारें दोनशें वर्षांनीं झालेलें, तेंहि ऐकीव प्रवाद म्हणून. हाच डायो मार्सेलसबद्दल लिव्हियेवर आळ आल्याचें सांगून लगेच पुस्ती जोडतो कीं, तें वर्ष आणि त्यापुढचें वर्ष इतकें रोगट होतें कीं माणसें पटापट मरत होतीं. म्हणजे तिघांहि साक्षीदारांची जबानी 'असें म्हणतात' यापलीकडे जात नाहीं. ग्रेव्हजनें केलें काय, तर हे दोनच शब्द खोडले. आनंदीबाईच्या 'ध'चा 'मा' ही गोष्ट आपल्याकडे जितक्यांना तोंडपाठ आहे, तितक्यांना तिचा पुरावा तोंडपाठ असेल काय, हा विचार त्या आठ दिवसांत माझ्या मनांत पुनः पुनः आला.

तथापि सगळा दोष कादंबरीकाराच्या माथीं मारणें मला न्यायाचें वाटत नाहीं. कादंबरीच्या मुखपृष्ठावर 'कादंबरी' असें लिहिलेलें असतें. टॅसिटस मात्र ग्रंथारंभींच आपण राग आणि लोभ दोन्ही बाजूला ठेवून लिहीत आहों, अशी ग्वाही देतो. आणि मग दोन शक्यता मांडून दुसरी अशा खुबीनें शेवटीं ठेवतो कीं वाचकाच्या मनांत तीच राहावी. निवाडा आपण द्यावयाचा नाहीं, वाचकाकडून देववावयाचा, ही त्याची रीत. डोमिशिअन सम्राटाच्या जुलमी राजवटींत त्यानें अधिकाराच्या जागा भोगल्या होत्या. राजवाड्याच्या बंद दारांमागें काय चालतें याचें भय त्याच्या हाडीं मुरलें होतें. शंभर वर्षांपूर्वीच्या बाईवर त्यानें आपल्या काळाची सांवली पाडली असेल, तर तें समजण्यासारखें आहे. पण मग ग्रेव्हज आणि तो यांत उघड खोटें कोण व छुपें खोटें कोण बोलतो, याचा हिशेब करतांना मला कादंबरीकाराचीच बाजू घ्यावीशी वाटते. शिवाय ग्रेव्हजला मूळ ग्रंथ माहीत नव्हते असें नाहीं. सुएटोनिअसचें इंग्रजी भाषांतर त्यानें स्वतःच पुढें १९५७ सालीं प्रसिद्ध केलें.

टॅसिटस आपल्या साधनांवर कसा हात फिरवितो, हें एका ठिकाणीं प्रत्यक्ष पाहावयास मिळतें, आणि इतिहासवाचनांत यासारखा आनंद मला क्वचितच लाभला आहे. इ. स. ४८ मध्यें गॉल प्रांतांतील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, प्रतिष्ठित लोकांस सेनेटमध्यें घ्यावें म्हणून सम्राट क्लॉडिअसनें भाषण केलें. टॅसिटसनें तें आपल्या ग्रंथांत दिलें आहे: रेखीव, बांधेसूद, एक शब्द इकडचा तिकडे नाहीं. पण १५२८ सालीं लियों शहरीं, म्हणजे क्लॉडिअसच्याच जन्मगांवीं, कांशाचा एक मोठा पत्रा सांपडला. त्यावर तेंच भाषण कोरलेलें आहे. त्यांत हा मनुष्य मूळ मुद्दा सोडून रोमच्या जुन्या राजांत शिरतो, सर्व्हिअस टलिअस राजाचें एट्रुस्कन लोकांत नांव काय होतें याचा खल करतो, आणि मग भानावर येऊन, आतां आपलें म्हणणें कोणीकडे चाललें आहे तें सभासदांस सांगण्याची वेळ झाली, असें स्वतःलाच नांव घेऊन बजावतो. एट्रुस्कनांचा इतिहास वीस भागांत लिहिणारा पंडित आयती संधि सोडील कशी? तासाची घंटा होऊन गेल्यावरहि विषयांतर न आवरणाऱ्या माझ्यासारख्यास तर तो पत्रा वाचतांना आरशांत पाहिल्यासारखें वाटतें. टॅसिटसनें भाषण सुधारलें, आणि माणूस घालविला. ग्रेव्हजनें मात्र त्याच लांबण लावणाऱ्या माणसाला पुन्हा बोलतें केलें. म्हणून एवढ्यापुरती कादंबरी इतिहासापेक्षां खरी आहे, असें मी म्हणतों.

कादंबरींतील माझें आवडतें प्रकरण तिच्यांतील विषप्रयोगांहून फार निराळें आहे. अपोलोच्या ग्रंथालयांत पोरवयाच्या क्लॉडिअसला लिव्ही आणि पोलिओ हे दोन वृद्ध इतिहासकार भेटतात आणि इतिहास कसा लिहावा यावर त्यांची जुंपते. लिव्ही पूर्वजांना उदात्त करून सांगणारा. पोलिओ कोरडा, पण खरें तेवढेंच लिहीन म्हणणारा. मुलगा पोलिओची बाजू उचलतो. गंमत ही कीं, त्याचा कर्ता ग्रेव्हज आपलें पुस्तक लिव्हीच्याच वाटेनें लिहितो; फक्त लिव्हीनें जेथें सद्गुण वाढविले तेथें यानें पापें वाढविलीं. ग्रेव्हजला हें कळलें नसेल असें मला वाटत नाहीं.

आणि येथेंच एक गोष्ट त्याच्या हातून निसटली, अथवा तिचें चीज व्हावें तितकें झालें नाहीं, अशी माझी तक्रार आहे. सुएटोनिअस सांगतो कीं, क्लॉडिअसनें आपला इतिहास जूलिअस सीझरच्या खुनापासून सुरू केला होता. परंतु आई आणि आजी वरचेवर टोचून बोलूं लागल्या, मोकळेपणानें व खरें लिहूं देणार नाहींत हें त्याला उमजलें, तेव्हां यादवीचा काळ गाळून त्यानें पुढील शांततेपासून पुन्हा आरंभ केला. पहिल्या खटाटोपाचे दोन भाग झाले, दुसऱ्याचे एकेचाळीस. ती आजी म्हणजे लिव्हियाच. कारण दुसरी आजी ऑक्टेव्हिया ही त्याच्या जन्माआधींच वारली होती. ऑगस्टस सत्तेवर चढला तो याच यादवीच्या रक्तांतून. लिव्हियेनें कोणास विष घातल्याचा पुरावा नाहीं. नातवाची लेखणी अडविल्याचा आहे. अंजिरांपेक्षां मला हें अधिक भयंकर वाटतें, आणि कादंबरीकारानें हें केंद्रस्थानीं ठेवलें असतें तर तिचें सामर्थ्य त्याला झाडावर चढविण्याची गरज पडली ना.

तिचें सामर्थ्य काय होतें, याचा एक पुरावा ग्रेव्हजच्या नंतर उजेडांत आला आहे. क्लॉडिअसचा वडील भाऊ जर्मेनिकस इ. स. १९ मध्यें अँटिऑक येथें मरण पावला. त्याला पायसो नांवाच्या सरदारानें मारलें अशी बोलवा उठली, खटला झाला, पायसोनें आत्महत्या केली, आणि त्याची बायको प्लँकिना लिव्हियेच्या रदबदलीनें सुटली. टॅसिटसच्या वर्णनांत सज्जन मंडळी दबक्या आवाजांत विचारतात कीं, नातवाला मारणारीला आजीनें पोटाशीं धरावें काय? आतां या खटल्याचा सेनेटनें केलेला ठरावच कांशाच्या पत्र्यांवर कोरलेला दक्षिण स्पेनमध्यें सांपडला असून १९९६ सालीं तो संपादून प्रसिद्ध झाला. त्यांत प्लँकिनेला सोडल्याचें कारण स्पष्ट नोंदलें आहे: लिव्हियेनें शब्द टाकला. तिचे राज्यावर व सर्व थरांतील माणसांवर उपकार आहेत, सेनेटकडे कांहींहि मागण्याचा तिला हक्क आहे, पण ती तो हक्क अगदीं जपून वापरते, असा तेथें तिचा गौरव आहे. घटना टॅसिटसची खरी ठरली. रंग मात्र उलटा. ठरावांतील स्तुतीहि निर्भेळ सत्य नव्हे, हें सरकारी मानपत्रें वाचलेल्यास सांगावयास नको. अँथनी बॅरेट यांनीं २००२ सालीं लिव्हियेचें विस्तृत चरित्र लिहिलें. विषप्रयोगाच्या आरोपांस त्यांनीं थारा दिलेला नाहीं. इ. स. २९ मध्यें ही बाई शहाऐंशी वर्षांची होऊन वारली. तिला देवता ठरविण्यास मुलगा टायबीरिअसनें नकार दिला होता, इ. स. ४२ मध्यें तें काम नातवानें केलें. कादंबरींत याचें कारण असें कीं, आजीनें मरणापूर्वी सारीं पापें कबूल करून, नरकांतून सुटावें म्हणून, हें वचन त्याच्याकडून घेतलें होतें. प्रसंग अप्रतिम आहे. पण साधें कारण त्याहून मासलेवाईक आहे: क्लॉडिअसच्या अंगांत ऑगस्टसचें रक्त नव्हतें, आजी देवता झाली कीं नातवाची गादी तेवढी पक्की.

आठ दिवसांनीं मीं वर्गांत चूक कबूल केली व तिघां इतिहासकारांचे उतारे वाचून दाखविले. अंजिरांच्या वेळीं जागीं होत त्याहून मुलें अधिक जागीं होतीं. चोर सांपडण्यापेक्षां तपास पाहण्यांत अधिक रस असतो कीं काय, नकळे. तास संपल्यावर ती मुलगी टेबलापाशीं आली आणि म्हणाली, "मग सर, कादंबरी वाचूं नये का?" मीं तिला दोन्ही पुस्तकें दिलीं. टॅसिटस पंधरवड्यांत परत आला. समासांत तिनें पेन्सिलीनें जागोजाग 'कोण म्हणतें?' असें लिहून ठेवलें होतें. जिन्यांतील दिव्याखालीं वाचलेली ती ग्रेव्हजची प्रत मात्र अद्याप तिच्याकडेच आहे.