चलनाबाहेरच्यांचं संमेलन

रविवारी एखाद्या हलवायाला पेढ्यांचं प्रदर्शन बघायला बोलावलं तर त्याचा चेहरा कसा होईल? तसा माझा झाला होता. आठवडाभर बँकेच्या काउंटरवर नोटा मोजायच्या आणि सुटीच्या दिवशी हात मागे बांधून पुन्हा नोटाच बघायच्या! पण आमच्या सोलापुरात जुनी नाणी, नोटा आणि पोस्टाची तिकिटं यांचं प्रदर्शन भरलं होतं, आणि त्याची पत्रिका एका मोठ्या ठेवीदाराने स्वतः आणून दिली होती. ठेवीदाराला एक वेळ नाही म्हणता येतं, ठेवीला म्हणता येत नाही. सौ. म्हणाली, "घरचे पैसे बघून मन भरलं वाटतं!"

निघताना मी एक गोष्ट गुपचूप खिशात टाकली. माझे वडील सोलापूरच्या एका मिलमध्ये साच्यावर होते. मिल बंद पडली, मागाहून वडीलही गेले. राहिला तो त्यांचा हजेरीचा पितळी बिल्ला. आईने तो कपाटाच्या किल्लीला अडकवला होता. तिला न विचारता मी तो सोडवून घेतला. म्हटलं, बघू या तरी, काय भाव फुटतो ते.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होतं. गड्ड्याच्या जत्रेइतकी नसली, तरी गर्दी बरी होती. पहिल्याच टेबलावर छापखान्यात चुकलेल्या नोटा मांडल्या होत्या. एकीवरचे आकडे कलंडलेले, दुसरीचा कोपरा दुमडून कापल्यामुळे कागदाचं शेपूट बाहेर आलेलं. किंमत विचारली, तर ती माझ्या पगाराची चौकशी करू लागली! मी एक शून्य चुकलो तर मेमो मिळतो. छापखाना चुकला की चुकीला काचेची चौकट मिळते.

पुढच्या टेबलापाशी एका शाळकरी पोराने माझी शिकवणीच घेतली. नाण्यावर सालाखाली चांदणी असली तर टांकसाळ हैदराबादची, हिऱ्यासारखी चौकट असली तर मुंबईची, टिंब असलं तर नोएडाची, आणि काहीच नसलं तर कोलकात्याची. एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची नसून अर्थसचिवाची सही असते, आणि धारकाला रक्कम देण्याचं वचनही तिच्यावर नसतं. इतकी वर्षं नोटा हाताळून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी नोटेकडे मोजण्यापुरताच बघत आलो. तो पोरगा तिच्याकडे बघण्यासाठी बघत होता. छंदाचं एवढं एक पुण्य मान्य केलंच पाहिजे.

सर्वांत चांगलं टेबल कोपऱ्यात होतं. एका निवृत्त गृहस्थांनी डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची तिकिटं लावून खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : जन्म सोलापूर, १९१०, चीनला प्रयाण १९३८, तिथेच मृत्यू १९४२. चीनने त्यांचं तिकीट काढलं १९८२ साली, भारताने १९९३ साली. आपल्या गावच्या माणसाचं पत्र आपल्याच पत्त्यावर अकरा वर्षं उशिरा पोचलं म्हणायचं! त्या टेबलापाशी मी अर्धा तास उभा होतो. दोन तिकिटं, चार ओळी आणि त्यांच्यामागे एक अख्खा माणूस. प्रदर्शन म्हणतात ते याला.

बाकी जे होतं तो बाजार होता. बाजाराबद्दल माझी तक्रार नाही, माझं पोट त्यावरच आहे. तक्रार आहे ती चिठ्ठ्यांबद्दल. साल, टांकसाळ, दर्जा, किंमत. पाचवा रकानाच नाही. १९५७ च्या एक एप्रिलला सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि एक आणा सव्वासहा पैशांचा ठरला; तो पाव पैसा दुकानदाराने सोडायचा की गिऱ्हाइकाने, हा पेच नव्या पैशाच्या चिठ्ठीवर नाही. १९६८ पासून निघालेल्या कमळाच्या वीस पैशांच्या नाण्यात सोनं आहे म्हणून लोकांनी ती दडवली, लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडली; चिठ्ठीवर नुसतं 'पितळी'. नाणं आहे, पण ते ज्या हातांत होतं ते हातच गाळलेले.

आणि हे गाळणं चुकून झालेलं नाही, ते या शास्त्राचं मूळ तत्त्वच आहे, हे मला 'यूएनसी' या अक्षरांनी शिकवलं. यूएनसी म्हणजे टांकसाळीतून निघाल्यावर कुणाच्याही हाती न लागलेलं, ज्याने जन्मात एकही व्यवहार केला नाही असं नाणं. त्याला सर्वांत जास्त भाव! आमच्या बँकेत दोन वर्षं खात्यात उलाढाल झाली नाही की त्या खात्याला 'निष्क्रिय' म्हणतात, दहा वर्षं झाली की त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. तीच निष्क्रियता इथे मखमलीवर बसून हजाराच्या गोष्टी करत होती.

उलट शिवराया बघा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. शिवाजीमहाराजांनी सुरू केलेलं हे तांब्याचं नाणं पेशवाईतही पडत राहिलं आणि इंग्रजी अमलातही खेड्यापाड्यांत चालत राहिलं. त्यातल्या ज्यांची अक्षरं शाबूत, त्या तबकात. ज्या गुळगुळीत झालेल्या, त्या एका परातीत ढिगाने. कुणी मीठ घेतलं असेल, कुणी नदी उतरताना दिली असेल, कुणी लुगड्याच्या गाठीला बांधून पंढरीला नेली असेल. राबराब राबल्या म्हणून परातीत!

त्या परातीमागचा व्यापारी मला म्हणाला, "काय शोधू लालाव, साहेब?"

मी बिल्ला काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने भिंगातून पाहिला, उलटा केला, पुन्हा पाहिला.

"मिलचा आहे. माल बरा आहे, पण पार घासलाय. नंबर दिसत नाही. शंभर देतो."

"आणि नंबर दिसला असता तर?"

"मग पाचशे दिले असते की!"

मी हिशेब केला, सवयच ती. इतकी वर्षं रोज भोंग्याला उठून, हजेरीला बिल्ला देऊन, परत घेऊन, चिमटीत धरून वडिलांनी माझं चारशे रुपयांचं नुकसान केलं होतं. त्याच चिमटीने माझी बी.कॉम.ची फी मोजली होती, पण ती नोंद धातूवर उमटत नाही. मी बिल्ला उचलला. व्यापाऱ्याने आपणहून दीडशे केले. त्याची काही चूक नव्हती. त्याच्या चिठ्ठीला रकानेच चार होते.

घरी आलो तर आई कपाटापुढे बसलेली, हातात किल्ल्यांचा जुडगा. "यातली कपाटाची कुठली रे? आणि बिल्ला कुठं नेलास?"

मी कबुली दिली. "दीडशे देत होता," हेही सांगून टाकलं.

"आणि रात्री लाइट गेल्यावर किल्ली कशावरून ओळखू?" तिने विचारलं.

मी मुकाट्याने बिल्ला पुन्हा कडीत अडकवला. तिने अंगठ्याने तो एकदा चाचपला, पदराने पुसला आणि कपाट उघडलं. पाहता पाहता आणखी पाच-दहा रुपयांनी भाव उतरला असणार.