सिंथिया फॅरार यांचे अहमदनगरमधील बालिकाशिक्षण : एक चिकित्सा

प्रस्तावना

परदेशात जाऊन तेथील मुलांसाठी झटणाऱ्या व्यक्तींविषयीच्या लेखनात त्याग, सेवाभाव आणि जिव्हाळा यांवर भर असतो. केवळ कार्यकर्त्याच्या भावनेवरून अशा कार्याचे मूल्यमापन करणे मात्र अपुरे ठरते. सिंथिया फॅरार यांचे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील कार्य या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

कार्याचे स्वरूप

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमध्ये १७९५ साली जन्मलेल्या फॅरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या. परदेशी पाठविल्या गेलेल्या सुरुवातीच्या अविवाहित अमेरिकन स्त्री मिशनऱ्यांपैकी त्या एक होत. मुंबईत मुलींच्या शाळांची देखरेख केल्यावर प्रकृतीच्या कारणास्तव त्या मायदेशी गेल्या आणि १८३९ मध्ये परतून अहमदनगरला स्थिरावल्या. अमेरिकन मराठी मिशनचे काम येथे १८३१ पासून सुरू होते. १८६२ मध्ये अहमदनगरलाच त्यांचे निधन झाले. मुलींनी शिकणे बहुतांश समाजाला अमान्य असण्याच्या काळात दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी या एकाच गावी मुलींना शिकविले. विद्यार्थिनींची भाषा शिकणे आणि त्यांच्यात दीर्घकाळ राहणे या दोन गोष्टींवर हा संबंध उभा होता.

मर्यादा

हा संबंध समान पातळीवरचा नव्हता. शिक्षणामागे धर्मप्रसाराचा हेतू उघड होता. काय शिकवावे, याचा निर्णय मिशनकडे होता. शिवाय या कार्याची माहिती मुख्यतः मिशनच्या अहवालांतून व पत्रव्यवहारातून मिळते. शिक्षिकेची बाजू त्यांत नोंदली गेली. त्या मुलींना काय वाटले, हे मात्र जवळजवळ अज्ञात राहिले. 'जिव्हाळा' हा शब्द येथे एकाच पक्षाच्या साक्षीवर वापरला जातो, याचे भान अभ्यासकांनी ठेवले पाहिजे.

कार्याचे हस्तांतर

तरीही या कार्याचा परिणाम मूळ हेतूपुरता मर्यादित राहिला नाही. फॅरार यांची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि सावित्रीबाईंनी फॅरार यांच्याकडे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले, असे चरित्रकार नोंदवितात. १८४८ मध्ये पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. तिचा उद्देश धर्मांतर नव्हता. पुढे त्यांच्याच शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेले हे मिशनचेच नियतकालिक होते. त्या निबंधात मुक्ताने आपल्या समाजाच्या दुःखाचा जाब विचारला आणि आपला धर्म कोणता, हा प्रश्न उपस्थित केला. मिशनच्या अहवालांत न उमटलेला शिकणाऱ्या मुलीचा आवाज येथे मिशनच्याच पत्रातून उमटला. पण तो घडला स्थानिक शिक्षकांच्या हाताखाली. परक्याने लावलेले रोप स्थानिकांनी आपल्या मातीत, आपल्या गरजेनुसार वाढविले.

आजचा संदर्भ

आज काही आठवड्यांसाठी येऊन निराधार मुलांत रमणारे आणि परत जाणारे परदेशी स्वयंसेवक जगभर आढळतात. त्यांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु एकदा आधार गमावलेल्या मुलाला लळा लावून निघून जाणे, हे त्याच्या दृष्टीने आणखी एक ताटातूट ठरू शकते. भारताच्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे. म्हणून अल्पकाळ येणाऱ्याने मुलांशी थेट जवळीक साधण्यापेक्षा, तेथे कायम राहणाऱ्या शिक्षक व काळजीवाहकांना आपले कौशल्य देणे अधिक हिताचे होय.

निष्कर्ष

फॅरार यांच्या कार्याला निव्वळ उपकार मानणे किंवा निव्वळ धर्मप्रसार म्हणून बाजूला सारणे, या दोन्ही भूमिका एकांगी आहेत. सांस्कृतिक अंतर ओलांडणाऱ्या सेवेची कसोटी सेवा करणाऱ्याच्या आठवणींत सापडत नाही. तो गेल्यावर काम कोणाच्या हाती राहिले आणि त्या मुलांना स्वतःचा प्रश्न स्वतः विचारता आला का, यातच ती शोधावी लागते.