नकार छापणारी मैत्री : प्रेमचंद, प्रसाद आणि ‘हंस’

हिंदी कथेच्या इतिहासलेखनात ‘प्रेमचंद संस्थान’ आणि ‘प्रसाद संस्थान’ अशी विभागणी रूढ आहे. एकीकडे समाजवास्तव, दुसरीकडे भावविश्व आणि इतिहास. ही विभागणी अध्यापनाला सोयीची खरी. परंतु टपालखात्यातील कारकुनाचा लमहीचा मुलगा आणि ‘सुंघनी साहू’ या तंबाखू-व्यापारी घराण्याचा वारस हे दोघेही काशीचेच कथाकार होते आणि बेनियाबागेत सकाळी एकत्र फेरफटका मारीत, ही गोष्ट तिच्यात निव्वळ चरित्रात्मक तपशील म्हणून उरते. त्या सहवासाकडे साहित्यव्यवहाराचा भाग म्हणून पाहिले, की ही विभागणी सैल होऊ लागते.

प्रसादांची ऐतिहासिक नाटके म्हणजे गाडलेली मढी उकरणे होय, असा आक्षेप प्रेमचंदांनी जाहीरपणे घेतला होता. त्यानंतर आलेल्या, तीर्थक्षेत्रांतील धार्मिक ढोंग उघडे करणाऱ्या ‘कंकाल’ या कादंबरीचे त्यांनीच ‘हंस’मधून स्वागत केले. मित्राच्या टीकेमुळेच प्रसाद वर्तमानाकडे वळले, असा निष्कर्ष यावरून काढला जातो. तो फार सरळ आहे. प्रसादांच्या कथांना समकालीन जीवन आधीही वर्ज्य नव्हते. मात्र ‘तितली’ (१९३४) ही त्यांची ग्रामजीवनावरील कादंबरी ‘गोदान’च्या (१९३६) दोनच वर्षे आधीची आहे. येथे प्रभाव सिद्ध करता येत नाही. दोघांच्या आस्थेचे क्षेत्र जवळ आले होते, एवढे निश्चित म्हणता येते.

या मैत्रीचे सर्वांत बोलके साहित्यिक फलित ‘हंस’च्या १९३२च्या ‘आत्मकथांका’त आढळते. १९३०मध्ये सुरू झालेल्या या मासिकासाठी प्रेमचंदांनी लेखकांकडून आत्मकथने मागविली. अशा अंकाने आत्मप्रचाराला वाव मिळेल, म्हणून नंददुलारे वाजपेयींनी विरोध केला; वाद झाला. प्रसादांनी दिली ती ‘आत्मकथ्य’ ही कविता, आणि तिचा विषय आत्मकथा न लिहिण्याची कारणे हा! इतरांचे ऐकावे, आपण मौन राखावे, हा तिचा रोख. संपादकाच्या मूळ योजनेलाच छेद देणारा हा मजकूर त्याच अंकात छापला गेला. वाजपेयींचा आक्षेप आणि प्रसादांचा नकार यांत आशयाचे साम्य आहे. परंतु पहिल्याला प्रत्युत्तर मिळाले आणि दुसऱ्याला अंकात स्थान. हा पक्षपात मैत्रीचा म्हणावा लागेल, पण तो वाङ्मयाला लाभदायक ठरला.

मराठीत १९२३च्या सुमारास पुण्यात आकाराला आलेले रविकिरण मंडळ तुलनेसाठी सहज आठवते. तेथे स्नेहाला नाव, सभासदत्व आणि सामूहिक प्रकाशने लाभली. साहजिकच मंडळाची म्हणून एक काव्यरीतीही ओळखली जाऊ लागली. काशीतील या सहवासाला नाव नव्हते, जाहीरनामा नव्हता. त्यामुळेच कदाचित दोघांपैकी कोणालाही दुसऱ्यासारखे लिहावे लागले नाही.

प्रेमचंद ऑक्टोबर १९३६मध्ये निवर्तले. मे १९३७च्या ‘हंस’च्या प्रेमचंद-स्मृती अंकाचे संपादन बाबूराव विष्णु पराडकर यांनी केले. काशीत जन्मलेले, ‘आज’ दैनिकाचे हे मराठीभाषक संपादक. मराठी वाङ्मयेतिहासांत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रसादही गेले.